आंबट नदीच्या तीन बाटल्या

१

पाणी स्वच्छ निघालं, हाच गुन्हा होता.

मंगळवारी सकाळी नोएडातल्या एका प्रयोगशाळेत, चौकशी समितीच्या समोर तीन बाटल्या उघडल्या गेल्या. पाणी सुरई नदीचं. चंद्रपूरकडच्या एका जुन्या कोळसा खाणीच्या खालून ही नदी वाहते. खाण बंद पडली की पंप थांबतात, बोगद्यांत पाणी भरतं, कोळशातल्या गंधकाची आणि लोखंडाची हवापाण्याशी गाठ पडते आणि तयार झालेलं आंबट पाणी उतार धरून नदीत येतं. मासे मरतात, काठचे दगड नारिंगी होतात. कंपनीने त्यावर उपाय म्हणून चुनखडीच्या दगडांचा एक लांब चर बांधला होता. खाणीचं पाणी त्यातून गेलं की चुनखडी आंबटपणा मारणार आणि मग ते नदीला मिळणार. कंपनीचं म्हणणं, चर उत्तम चाललाय, नदी सुधारली, आता आमचं काम संपलं. याच प्रयोगशाळेत पाणी तपासणाऱ्या रेवतीचं म्हणणं, चरातल्या दगडांवर लोखंडाचा थर बसून तो केव्हाच निकामी झालाय. तिने नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून मोजणी केली होती आणि तेच पाणी बाटल्यांत भरून दिल्लीला आणलं होतं.

बाटल्यांतल्या पाण्यात आंबटपणा नव्हता. लोखंड नावालाही नव्हतं.

"कंपनीचा वकील हसलासुद्धा नाही, काकू," रेवती सांगत होती. "नुसता म्हणाला, मॅडमने नदी पे बैठके नंबर बना लिए. सगळे माझ्याकडे बघायला लागले."

ती माझ्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये बसली होती. चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. पुढच्या गुरुवारी समिती निर्णय देणार होती. तिने आकडे बनवले असं ठरलं की तिची नोकरी जाणार, आणि त्याहून वाईट म्हणजे तिने आजवर मोजलेल्या एकाही नदीवर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं.

"तुम्हाला तरी खरं वाटतं ना?" तिने विचारलं.

"वाटण्याचं काय घेऊन बसलीस," मी म्हणाले. "उरलेलं पाणी कुठे आहे?"

२

माझ्याविषयी सांगण्यासारखं फार नाही. नाव विजयालक्ष्मी. सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत देशभरातलं पाणी तपासण्यात गेली. नवरा वारला, मुलगी इशिता कॅनडात असते आणि रविवारी फोन करते. स्वभाव तिरसट आहे असं लोक म्हणतात. एकटं राहिलं की माणूस तिरसट होतं, की तिरसट माणूसच एकटं पडतं, हे मी अजून तपासलेलं नाही.

दिल्लीत मला मैत्रीण म्हणावी अशी एकच उरली होती, प्रमोदिनी. रेवती तिची सून. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही दोघी एका जिन्यात राहिलो, मुलं वाढवली, भांडलोही. बाकीच्या बायका निवृत्तीनंतर पुण्याला, नागपूरला परतल्या. प्रमोदिनीचा मुलगा अंशुमन मंत्रालयात लागला, त्यालाही तिथेच क्वार्टर मिळालं, म्हणून ती राहिली. आठवड्यातून एकदा मी मयूर विहारला मेट्रो बदलून सरोजिनी नगरला उतरायची आणि तिच्याकडे जेवायची. तेवढाच माझा बाहेरचा संसार.

"आता नीट सांग," मी रेवतीला म्हटलं. "बाटल्या नदीवरून निघाल्यापासून कुणाच्या ताब्यात होत्या?"

"माझ्याच. तोच तर प्रॉब्लेम आहे. रविवारी सकाळी गाडीतून उतरले. लॅब बंद, त्यात पाडवा. म्हणून खोका घरी नेला आणि बाटल्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवल्या. सोमवारी सकाळी नोएडाला नेल्या. तिथे संग्राम सरांसमोर झाकणांवर पट्ट्या लावल्या, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. मंगळवारी पट्ट्या जशाच्या तशा होत्या."

पाडव्याला त्या घरी मीही जेवायला होते. तिचे साहेब संग्राम होते, आणि अंशुमनचा शाळेतला मित्र मानस होता. हा मानस त्याच खाण कंपनीच्या प्रसिद्धी विभागात आहे. रेवतीला त्याचं येणं आवडलं नव्हतं, पण सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला कोण काय म्हणणार. जेवताना तो बर्फ आणायला फ्रिजकडे गेला होता, हे मी स्वतः पाहिलं होतं.

"संग्राम सरांनीच केलंय," रेवती अचानक म्हणाली. "कंपनीची बाकीची कामं आमच्याकडेच येतात. त्यांना ही भानगड नकोच होती."

३

संग्राम मूळचा साताऱ्याचा, आवाज मोठा आणि मन त्याहून भित्रं. मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसले तेव्हा त्याने आधी दार लावलं.

"मॅडम, मला सांगा, पट्टी लागल्यावर बाटलीतलं पाणी मी कसं बदलणार? जादू येते का मला?"

"पट्टी लागायच्या आधी?"

"आधी ती पोरगी खोका मांडीवर घेऊन बसली होती. लेकरू सांभाळावं तशी." तो पुढे झुकला. "एक गोष्ट मात्र खटकली. बाटल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या, बाहेरून आतलं दिसत नाही, पण मंगळवारी झाकणं काढली तेव्हा वर बोटभर हवा होती. रेवती बाटली काठोकाठ भरते. थेंबभर हवा राहिली तर ती दुसऱ्यांचे नमुने फेकून देते, आमच्या पोरांना रडवलंय तिने त्यावरून. म्हटलं, थकली असेल."

थकली तरी रेवती तसं करणार नाही. बाटलीत हवा राहिली की विरघळलेलं लोखंड खाली बसतं, हे तिला मीच शिकवलं होतं. म्हणजे बाटल्या कुणीतरी उघडल्या होत्या. आणि नोएडात पोचण्याआधी उघडल्या होत्या.

"हे समितीला का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही," संग्राम म्हणाला, आणि टेबलावरची काच रुमालाने पुसायला लागला.

मी उरलेल्या पाण्यातलं थोडं मागून घेतलं. ते त्याने निमूटपणे दिलं. शरमेनेच दिलं असावं.

घरी येऊन मी मानसला फोन लावला. "काकू, मी केमिस्ट्रीत नापास, कंपार्टमेंट आली होती," तो हसून म्हणाला. "मी काय बाटल्यांशी खेळणार यार!" मग त्याचा आवाज खाली आला. "एक सांगू? माझं नाव नका घेऊ. पाणी स्वच्छ आलं तेव्हा आमच्या ऑफिसमध्येच सन्नाटा झाला. चर बंद पडलाय हे आम्हाला माहीत आहे. आम्ही दंड भरायच्या तयारीत होतो."

म्हणजे ज्यांचा फायदा झाला, त्यांनाच धक्का बसला होता.

४

माझ्या जुन्या ऑफिसातली सलोनी अजून माझं ऐकते. समितीने फक्त आंबटपणा आणि लोखंड मोजलं होतं. मी तिला म्हटलं, जे जे मोजता येईल ते सगळं मोज. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"मॅम, अजीब पानी है. सल्फेट भरपूर आहे."

मी खुर्चीतून उठलेच. सल्फेट भरपूर म्हणजे पाणी खाणीचंच. गंधकाची ती खूण पुसता पुसत नाही. कुणीतरी नदीचं पाणी ओतून देऊन नळाचं भरलं, असा आम्हा सगळ्यांचा समज होता. तो खोटा होता. पाणी सुरईचंच होतं, पण त्याचा आंबटपणा कुणीतरी मारला होता.

"कॅल्शियम?" मी विचारलं.

"कुछ खास नहीं. सोडियम मात्र खूप जास्त. आणि बायकार्बोनेट."

चुनखडीच्या चरातून पाणी गेलं असतं तर कॅल्शियम वाढायला हवं होतं. प्रयोगशाळेतल्या माणसाने गडबड केली असती तर त्याने हाताशी असलेला कॉस्टिक सोडा वापरला असता, मग बायकार्बोनेट इतकं नसतं. सोडियम आणि बायकार्बोनेट हे दोन्ही एकत्र ज्या डब्यात असतात, तो डबा प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. खाण्याचा सोडा. ढोकळ्यात घालतात तो.

फोन ठेवून मी बराच वेळ बाल्कनीत उभी राहिले. खाली सोसायटीच्या बागेत कुणाची तरी नातवंडं खेळत होती. मला ते उत्तर नको होतं. पण ते येऊन समोर बसलं होतं.

आंबट पाण्यात सोडा टाकला की ते फसफसतं. मग लोखंड बाहेर पडतं, आधी हिरवट गढूळ, आणि हवा लागली की हळूहळू नारिंगी. तो गाळ बसायला तास न् तास जातात. नंतर पाणी गाळावं लागतं, तेही कापडातून, कारण चहाच्या गाळणीतून हा गाळ सरळ निघून जातो. गाळताना थोडं पाणी वाया जातं, म्हणून वर बोटभर हवा. पाडव्याच्या जेवणाला आलेल्या पाहुण्याला हे जमणारं नव्हतं. मानस बर्फ घेऊन लगेच परतला होता, संग्राम तर पंगतीतून उठलाच नव्हता, आणि आम्ही बायका दुपारभर ओट्यापाशीच होतो. हे करणारा माणूस त्या घरात मुक्कामाला होता.

त्या घरात तीनच माणसं राहतात.

५

शनिवारी मी लक्ष्मीबाई नगरला गेले. रेवती तिच्या मैत्रिणीकडे राहायला गेली होती, घरात कुणाच्या नजरेला नजर देववत नाही म्हणाली. प्रमोदिनीने दार उघडलं आणि माझा हात धरून आत नेलं.

"बरं झालं आलीस. घर खायला उठतं गं. अंशू बोलत नाही, ती येत नाही. म्हटलं श्रीखंड करावं, तिला आवडतं, डबा पाठवीन. तर मेलं चक्क्याचं फडकं सापडत नाहीये."

हे फडकं मला ठाऊक होतं. श्यामकांतरावांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, धोतराचा मऊ पांढराशुभ्र तुकडा. ते गेल्यापासून ती दही त्यातच बांधायची, दुसरं कापड चालायचं नाही. लक्ष्मीबाई नगरातल्या निम्म्या मराठी सुनांना श्रीखंड तिने शिकवलंय.

"पाडव्याला तर होतं," मी म्हटलं.

"होतं ना! चक्का काढून सकाळीच धुवून वाळत घातलं होतं."

आम्ही दोघी शोधायला लागलो. ओट्याखाली, कपाटात, धुण्याच्या टोपलीत. शेवटी मागच्या बाल्कनीत, गाडी पुसायच्या चिंध्यांच्या बादलीत ते मला दिसलं. मी उचलून झटकलं. मधोमध मोठा नारिंगी डाग होता, कडेला फिकट होत गेलेला.

"अगं बाई, हे इथे कसं आलं?" प्रमोदिनी म्हणाली.

अंशुमन आतल्या खोलीतून आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. माझ्या हातातलं फडकं त्याने पाहिलं आणि कुणी विचारायच्या आधीच बोलला.

"मीच टाकलं ते, आई. केशराचे डाग पडले होते, जात नव्हते. श्रीखंडाचं केशर. म्हटलं, आता गाडीलाच कामाला येईल."

 प्रमोदिनी फडक्याकडे बघत होती. मी तिच्याकडे.

"हो," ती म्हणाली. "केशरच असेल."

 अंशुमन दिल्लीत वाढला. श्रीखंड त्याने आयुष्यभर वाटीतून खाल्लं, होताना कधी पाहिलं नाही. पण प्रमोदिनी? दही बांधून पाणी निथळायचं, चक्का फडक्यातून काढायचा, साखर घालून फेटायचा, आणि केशर दुधात खलून सगळ्यात शेवटी. फडक्याला केशराचा वारासुद्धा लागत नाही. हे तिने मला शिकवलं होतं, बोट धरून. ती खोटं बोलली, आणि का बोलली, ते मला त्याच क्षणी कळलं. तिलाही कळलं होतं, हे कुणाचं काम ते.

मी स्वयंपाकघरात जाऊन लिंबू कापलं आणि डागावर घासलं. माझ्या हाताखाली नारिंगी रंग विरघळत पांढरं कापड वर आलं. मी ते ओट्यावर पसरून ठेवलं.

"केशर लिंबाने असं जात नाही, अंशू. हा गंज आहे. सुरईचा."

६

तो खुर्चीत बसला. नाही म्हणायचा प्रयत्नही त्याने केला नाही.

"सोड्याचं कुठून सुचलं?" मी विचारलं.

"तिनेच दाखवलं होतं. इथेच, या टेबलावर. आईला समजावत होती, नदी कशी सुधारता येते ते. लिंबाच्या रसात सोडा टाकला, म्हणाली, हे बघा, आंबटपणा गेला. इतकी खूश होती." त्याने चेहरा हातांनी चोळला. "काकू, पाणी खराब निघालं असतं तर तिला दोन वर्षं तिकडे राहावं लागणार होतं. नवा चर बांधायचा, दर महिन्याला मोजायचं. तिने हो म्हणून टाकलं होतं. मला विचारलंसुद्धा नाही. सांगितलं फक्त."

"म्हणून तिला खोटं पाडलंस?"

"नाही! कसम से, नाही. मला वाटलं, पाणी स्वच्छ निघालं की फाइल बंद. ती म्हणेल, चला, नदी बरी झाली, आणि घरी राहील. तिने नदीवरच आकडे घेऊन पाठवले होते, हे मला माहीतच नव्हतं. मंगळवारी ती रडत घरी आली तेव्हा कळलं. तेव्हापासून रोज ठरवतोय सांगायचं. घरी येतो, जेवतो, टीव्ही लावतो. नाही जमत."

मला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण संध्याकाळी कुलूप उघडून आत गेल्यावर घर कसं वाटतं, हे मला कुणी सांगायला नको. त्या भीतीपायी माणूस काय काय करेल, ते मला कळत होतं. कळत होतं म्हणून ते माफ होत नव्हतं.

"गुरुवारच्या आत तू समितीला सांगायचंस," मी म्हटलं. "त्याआधी रेवतीला. नाहीतर मी सांगेन."

"त्याची नोकरी जाईल, विजू," प्रमोदिनी म्हणाली. ती दारात उभी होती. "सरकारी माणूस आहे. पुरावा बिघडवला म्हणजे काय होतं ते तुला ठाऊक आहे."

"आणि रेवतीची गेली तर?"

"तिला दुसरी मिळेल. हुशार आहे ती." मग ती जवळ आली, आवाज अगदी हळू केला. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. तुझा माणूस गेला तेव्हा तेरा दिवस तुझ्या घरी निजले मी. एवढं कर. फडकं मी जाळून टाकते. तू काही पाहिलं नाहीस."

मी तिच्याकडे पाहिलं. या बाईशिवाय या शहरात मला 'अगं विजू' म्हणणारं कुणी नव्हतं. मुलगी मम्मा म्हणते, बाकी सगळ्यांची मी मॅडम, आंटी नाहीतर काकू. नाही म्हटलं की काय जाईल, ते मला नेमकं ठाऊक होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "ते नाही जमणार मला."

तिने मला चप्पल घालेपर्यंतही थांबू दिलं नाही.

७

अंशुमनने रेवतीला त्याच रात्री फोन केला आणि गुरुवारी समितीसमोर स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. आवाज एकदाही चढवला नाही, कुठलीही सबब सांगितली नाही. सलोनीच्या तपासणीने त्याचा शब्द न् शब्द खरा ठरवला. समितीने रेवतीवरचा आरोप काढून घेतला आणि नदीचे नवे नमुने दोन्ही बाजूंच्या देखत घ्यायला सांगितले. अंशुमनची खात्याची चौकशी सुरू झाली, तोवर तो घरी बसून आहे. आई आणि मुलगा, दोघंच.

रेवती लक्ष्मीबाई नगरला एकदाच गेली, कपडे आणायला. मग चंद्रपूरची गाडी धरली. दोन वर्षांसाठी. ती त्याच्याशी बोलते की नाही, मी विचारलं नाही. ज्या गोष्टीला तो घाबरला होता ती तशीच झाली, फक्त आता तिला परतायची ओढ राहिली आहे की नाही, कुणास ठाऊक.

प्रमोदिनीला मी पुष्कळदा फोन केला. घंटी पूर्ण वाजते आणि थांबते. एकदा सरोजिनी नगरपर्यंत गेलेही, स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने "कहाँ जाना है आंटी" विचारलं आणि मी पुन्हा स्टेशनच्या जिन्याकडे वळले. तशीच परतले. मेट्रोत बसायला जागा मिळाली म्हणून बरं वाटलं, इतकं आता लहानसहान गोष्टींचं बरं वाटतं.

काल दुपारी रेवतीचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"काकू, नदीतूनच बोलतेय! आत्ता मोजलं, सगळ्यांच्या समोर. पहिल्या वेळेइतकंच आंबट. कंपनीच्या माणसाने स्वतः मीटर वाचला आणि गप्प सही केली. पुढच्या महिन्यात जुना चर उकरायला घेतोय. ऐकताय ना?"

"ऐकतेय गं. झकास झालं."

ती बराच वेळ बोलत राहिली. दगडांविषयी, गावातल्या बायकांविषयी, गेस्ट हाउसमधल्या भाजीविषयी. तिच्या आवाजात जुनी रेवती होती, आणि मी फोन कानाला घट्ट धरून ठेवला होता. मग तिने हळूच विचारलं.

"आई कशा आहेत? मला त्यांच्याशी बोलायला अवघड जातं अजून. पण तुम्ही आहात तिथे, म्हणून काळजी वाटत नाही. फोन करतात ना तुम्हाला?"

"करते की," मी म्हणाले. "रोज."